थोरलीचा टाक

५ ऑगस्ट १८९५, सोमवार

कल्याणहून पत्र. अडीच वर्षांत पहिलेच!

मजकूर विहीणबाईंचा, अक्षर कोणा कारकुनाचे. "ठकूस सातवा महिना. पोरीस आईबाप नाहीत. रीतीप्रमाणे तुमचे घर हेच तिचे माहेर. पहिलटकरीण आहे, बाळंतपण माहेरी व्हावे. थोरलीचा कोप नको."

थोरली म्हणजे माझी मथुरा. जिवंत होती तोवर त्या घरात तिला कोणी थोरली म्हटले नाही — मेल्यावर पद मिळाले! ती गेल्यावर पाचव्या महिन्यात जावई पुन्हा बोहल्यावर चढले आणि ही ठकू आली. पहिलीच्या आईने दुसरीला लेक मानावे, अशी रीत. कोणी ठरवली? मला कोणी विचारले नव्हते.

उत्तर लिहायला बसले. शाळेचे काम फार, जागा दोनच खोल्यांची, घरात दुसरे बाईमाणूस नाही, तूर्त महिनाभर थांबावे... इथवर आले आणि हात थांबला. हेच पत्र मी पूर्वी एकदा लिहिले आहे. शब्दही तेच.

फाडून टाकले.

७ ऑगस्ट

"पाठवा." एवढेच लिहून टपालात टाकले.

१० ऑगस्ट, शनिवार

ठकू आली. सोबत पंढरी, कल्याणच्या घरचा जुना गडी. बोचके ठेवून तो लगेच स्टेशनाकडे परतला.

सतरा वर्षांची पोर. बारीक हातपाय, पोटच तेवढे पुढे. वाकता येत नव्हते तरी वाकली.

"आई, पाया पडते."

"मला सगळे बाई म्हणतात. तूही बाई म्हण."

"हो, आई."

गळ्यात मंगळसूत्र, आणि त्याच्या खाली काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक. रुपयाएवढा पत्रा. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई — डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, तोंडाच्या जागी आडवी रेघ. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने पहिलीचा टाक घालायचा, हे मला माहीत होते. पुष्कळ बायकांच्या गळ्यात पाहिला आहे. पण तो *माझ्या मथुरेचा* असेल, हे या क्षणापर्यंत मनात आले नव्हते. आश्चर्य आहे!

पान वाढले. ठकूने पहिला घास पानाच्या कडेला ठेवला, टाक हातात धरून त्याच्यापुढे केला आणि डोळे मिटून बसली. भात निवत चालला.

"जेव की."

"ताईंचं होऊ दे ना, आई."

मी स्वयंपाकघरातून उठून बाहेर आले.

११ ऑगस्ट

रविवार. दिवसभर पुस्तकावर बसले. शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांनी सुचवलेले — मुलींसाठी "देशोदेशींच्या चालीरीती". लग्ने झाली, सणवार झाले. आता मृतांचे प्रकरण. चिनी लोक वाडवडिलांच्या नावांच्या पाट्या घरात ठेवतात आणि त्यांच्यापुढे भाताची वाटी मांडतात. जुने रोमी लोक मेलेल्यांचे मेणाचे मुखवटे कपाटात जपत. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका जातीत जुळ्यांपैकी एक मूल गेले तर आई त्याची लाकडी बाहुली करवून घेते, अंगावर वागवते, न्हाऊ घालते, भरवते.

"अशा रानटी समजुती विद्येच्या अभावी टिकून राहतात," असे वाक्य जोडले. वाचून पाहिले.

ठकू दारात तांदूळ निवडत होती. "काय भरवते ती आई?"

"ते पुस्तकात दिलेले नाही."

"विचारायला हवं होतं हो त्यांनी," ती म्हणाली. "तेच तर महत्त्वाचं."

१४ ऑगस्ट

चूक झाली असेल, पण मागे फिरणार नाही.

तिला एक लुगडे घेतले. साधेच. तिने घडी उलगडली, टाकावर धरली आणि म्हणाली, "ताई, आधी तुम्ही नेसा." अगदी सहज. कोणी खोलीत बसले आहे आणि त्याला पान देतो, तसे.

माझा तोल गेला. "माझ्या घरात हे चालायचे नाही! वीस वर्षे मी मुलींना शिकवते आहे की मेलेले माणूस जेवत नाही, नेसत नाही, रागावत नाही. काढ ते!" तिने काढले. रडली नाही. मी टाक कपाटात ठेवून कुलूप लावले. किल्ली कनवटीला.

विद्येसाठी केले, असे तिला सांगितले. इथे खोटे कशाला लिहू? ते दोन ठिपके मला पाहवत नव्हते.

१५ ऑगस्ट

ठकू मुकाट्याने जेवली. रीत मोडायला एक दिवस पुरतो!

१९ ऑगस्ट

कपाटाला मुंग्या. चुलीपासून भिंतीच्या कडेने रांग, थेट कपाटाच्या दाराखाली. फडका घेऊन खाली वाकले तर फटीत भाताची शिते. ताजी, आणि काल-परवाची वाळलेली.

"ठकू, हे काय?"

"ताई उपाशी राहतील, आई. मला एखाद वेळ चालेल."

मी टाक काढला म्हणून ही घाबरली असेल, कोप वगैरे, असे वाटले. तसे विचारले. तर हसली! "ताईंना कशाला भिऊ? सासूबाई भितात, घरातले सगळे भितात. दूध उतू गेलं तरी थोरली रागावली म्हणतात. त्या नाही हो रागवत. त्या घरात माझ्याशी बोलायला दुसरं कोण होतं? सगळं त्यांनाच सांगितलंय मी."

विचारायचे नव्हते. तोंडातून निघून गेले: "मग ती काय म्हणते?"

"काही नाही. ऐकून घेतात."

किल्ली तिच्या हातात दिली.

२० ऑगस्ट

शाळेत ओळ मोजली, एकतीस. पटावर तीस. पुन्हा मोजली, तीस. श्रावणात एकवेळ जेवून डोळ्यांपुढे अंधारी येते, दुसरे काही नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

आज लिहून टाकते. अडीच वर्षे कागदावर आणलेले नाही.

मथुरा सव्वा वर्षाची असताना मला वैधव्य आले. सासरी अंधाऱ्या खोलीत बसण्याऐवजी मी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेले. तीन वर्षे. पोर बहिणीकडे ठेवली. परत आले तेव्हा ती बहिणीच्या पदराआड लपली आणि म्हणाली, "ही बाई कोण?" पुढे जन्मभर ती मला बाईच म्हणत आली. शाळेतल्या मुली म्हणतात तसे. मी दुरुस्त केले नाही. एरवी मी सगळ्यांचे सगळे दुरुस्त करते.

लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर दिवस राहिले. पत्र आले: "बाई, इथे मला भीती वाटते. बाळंतपणाला तिकडे येऊ का?" मी लिहिले, शाळेची परीक्षा तोंडावर आहे, जागा लहान, महिनाभर थांब, मग मी स्वतः न्यायला येते. व्यवस्थित पत्र. एक अक्षर खोडलेले नव्हते.

माघात, मंगळवार-बुधवार अशी परीक्षा होती. बुधवारी सकाळी नऊला कल्याणहून निरोप आला — दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, अडली आहे, या. साहेब अकराला येणार होते. मी म्हटले, बाळंतपणे अशीच लांबतात. दुपारी तीनला निघाले. पोचले तेव्हा अंगणात बायका होत्या आणि कोणी बोलत नव्हते. मूलही गेले होते.

तिचा चेहरा आठवायला बसते तर पदराआडचा चार वर्षांचाच आठवतो. मोठा येत नाही. फोटो कधी काढला नाही. तिच्या नावाचे या जगात आता एवढेच आहे — दोन ठिपके आणि रेघ. सोनाराने असे पन्नास ठोकले असतील.

१ सप्टेंबर, रविवार

ठकूची ओटी भरायची राहिली होती. मी विधवा, मला चालत नाही. शेजारणींना बोलवावे तर दुसरेपणाची बाई, वर शाळेतल्या बाईंचे घर, कोणी येईना. आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या फेलिशियाबाईंना हे कळले. तलावाजवळच्या चर्चपलीकडे राहतात. आज नारळ, तांदूळ, हिरवा खण घेऊन दारात उभ्या!

"अहो, तुम्ही किरिस्ताव. तुमच्या हातून कशी भरायची?"

"का बरं नाय? आमच्यात पण भरतात ओटी. देव बदलला, नारळ तोच ऱ्हायला," त्या म्हणाल्या. "आणि मी पक्की सवाष्ण हाय, बाय. माझा सिल्वेस्टर रोज संध्याकाळी शिव्या देतो, म्हणजे जिता हाय ना?"

ठकू एवढी हसली की तिला पाट धरावा लागला. मीही हसले. घरात हसण्याचा आवाज कसा येतो ते विसरले होते.

जाताना फेलिशियाबाईंनी टाकाकडे पाहिले. त्यांना मथुरेची हकीकत माहीत आहे. "आमच्यात मेलेल्यांचा एक दिवस असतो, नोव्हेंबरात. थडग्यावर मेणबत्ती लावून बसायचं. माझी धाकटी तिथं हाय. बसते मी तिच्याजवळ, शाळेत कोण काय बोललं ते सांगते. तुम्ही कुठं बसता, बाय?"

मी म्हटले, आमच्यात जाळतात.

"ते ठावं हाय. मी विचारलं, तुम्ही कुठं बसता."



११ सप्टेंबर, बुधवार

विहीणबाई स्वतः आल्या! पंढरीला घेऊन, ठकूला न्यायला. उद्या अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचे श्राद्ध. दुसरीने टाक घालून पानावर बसले पाहिजे, तरच थोरलीला पोचते.

"तिला नववा चालू आहे," मी म्हटले. "ती गाडीत बसणार नाही."

"एक दिवसाचा तर प्रश्न, विहीणबाई. परवा परत आणून सोडते. न केलं आणि काही कमीजास्त झालं तर? एकदा झालं तेवढं पुरे नाही?"

"ती इथून हलणार नाही. इथेच बाळंत होईल. माझ्याजवळ."

 विहीणबाई हळूच म्हणाल्या, "हे तेव्हा म्हणाला असतात तर?"

 खरे तेच बोलल्या. मी त्यांना दुष्ट ठरवून अडीच वर्षे काढली. आज पाहिले तर एक थकलेली, भ्यालेली बाई. म्हणाल्या, मथुरेचे डोके शेवटी त्यांच्याच मांडीवर होते. कोपाची भीती तिथून लागली असेल.

जाताना पदराआडून डिंकाची पुरचुंडी काढून ठकूच्या हातात ठेवली. "लाडू कर म्हणावं आईला." पाणीही न घेता गेल्या.

१२ सप्टेंबर

नवमी. दोन पाने वाढली. ठकूचे आणि दुसरे. भात, वरण, अळू, मथुरेला आवडायची ती भोपळ्याची घारगी. ठकू म्हणाली, "आज तुम्ही घास ठेवा, आई."

ठेवला.

घारगी आवडायची हे नक्की का, की बहिणीने सांगितलेले? मला ठाऊक नाही. मी स्वतः तिला कधी करून घातलेली नव्हती.

२० सप्टेंबर

पुस्तकातून "रानटी" शब्द काढला. त्या जागी दुसरा सुचेना. मोकळी जागा सोडली आहे. प्रकरणाचा शेवटचा भाग आपल्याकडच्या चालींचा. त्यात शहाण्या चाली एका बाजूला, वेडगळ दुसऱ्या बाजूला लिहायच्या, असे साहेबांचे म्हणणे. कागदाला मधोमध रेघ मारून दोन तास बसले. टाक कुठल्या बाजूला?

दोन्ही बाजू कोऱ्या.

१ ऑक्टोबर, मंगळवार

डेप्युटीसाहेबांचे पत्र. परीक्षा शुक्रवारी, चार तारखेस. सुईण हौसाबाई काल पोट पाहून गेली; म्हणाली, "आज-उद्यात नाही, पण आठ दिवस काही काढत नाही ही."

मुलींकडून कविता घोटून घेतल्या. दुय्यम शिक्षिका नवी आहे, साहेबांपुढे तिची बोबडी वळेल. शुक्रवारी मी नसले तर शाळेची ग्रँट जाईल.

वाचून पाहिले. पुन्हा तेच वाक्य होऊ घातले आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटेपासून कळा. हौसाबाई सहाला आली.

आठला लुगडे नेसून तयार झाले होते. दाराच्या कडीला हात घातला. ठकू आतून ओरडली नाही. ओरडली असती तर सोपे होते. ती म्हणाली, "जा आई, तुमची परीक्षा आहे. ताई आहेत माझ्याजवळ."

कडी सोडली.

फेलिशियाबाईंना निरोप धाडला — शाळा तुम्ही आणि दुय्यम शिक्षिकेने उभी करावी, मी येत नाही. उलट निरोप आला: "साहेबाला मी शिवणाच्या तुकड्यांत गुंडाळते. तुम्ही पोरीला धरा."

अकरा. हौसाबाई म्हणते वेळ लागेल. पाणी तापत ठेवले आहे. ठकूच्या एका मुठीत माझा हात, दुसऱ्या मुठीत टाक. घट्ट धरल्याने त्याची कडा तळव्यात रुतली. मी काढून घेऊ लागले तर सोडेना. मग मी त्या मुठीवर माझा हात ठेवला.

मेलेले माणूस ऐकत नाही. ठाऊक आहे मला. तरी मोठ्याने म्हटले, "मथुरे, मी इथे आहे. कुठे जात नाही." हौसाबाईने मान वर केली नाही.

दोन. अजून नाही.

५ ऑक्टोबर

काल साडेचारला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

९ ऑक्टोबर

साहेबांचा शेरा आला: "मुख्य शिक्षिका अनुपस्थित. लेखी खुलासा करावा." खुलासा लिहिला. एक ओळ — घरी लेक बाळंत होत होती. एवढ्याने ग्रँट राहील की जाईल ते बघू.

ठकू बाजेवर बसून डिंकाचा लाडू खाते. पहिला तुकडा टाकापुढे, मग स्वतः. मी आता बाहेर उठून जात नाही.

आज तिने दोरा गळ्यातून काढला आणि माझ्या हातात दिला. "ताई इथेच राहू देत. मी येत जाईन ना भेटायला."

"सासूबाईंना काय सांगशील?"

"थोरल्या ताई माहेरी गेल्यात म्हणून सांगेन. सुनेनं माहेरी गेलेलं चालतं की!"

टाक कपाटात ठेवला नाही. माझ्या लिहिण्याच्या मेजावर आहे. लिहिताना समोर दिसतो. अडीच वर्षांत प्रथमच दुपारी शांत झोप लागली. हिशेब पुरा झाला, असे वाटते आहे. निदान उशिरा का होईना, एक लेक मी घरात घेतली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

बारसे. विहीणबाईंनी पंढरीबरोबर पाळणा पाठवला. बायका गेल्यावर पंढरी बाळाला पाहून बाहेर आला आणि ओट्यापाशी डोळे पुसत उभा राहिला. म्हातारा माणूस, आनंद झाला असेल, म्हणून चहाचे विचारले. तर म्हणाला, "आज बोलल्याबिगर ऱ्हावत नाही, बाई. थोरल्या वहिनींनापण आणलं होतं मी इथं. मंगळवारी, तुमच्या परीक्षेच्या दिवशी. सासूबाईंना हळदीकुंकवाला जाते म्हणाल्या आन् स्टेशनात घेऊन गेल्या मला. हिथं दाराला कुलूप. मी म्हटलं, शाळेतनं बोलावून आणतो. तर म्हणाल्या, नको, बाईंचा खोळंबा होईल. चारपर्यंत या ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, चल, आता गाडी चुकेल. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली."

मी त्या दिवशी साडेपाचला घरी आले होते. याच ओट्यावरून आत गेले. परीक्षेचा पहिला दिवस चांगला गेला म्हणून स्वस्थ बसून पोटभर जेवले.